शंभरपैकी अकरा

नातीचं परदेशी जायचं नक्की झालं त्या दिवसापासून आजोबांची खणखणीत तब्येत ही घरातली सर्वांत मोठी अडचण होऊन बसली.

तसं प्रकरण साधं होतं. हल्ली कोणत्याही तरुण माणसाला कुठेही शिरकाव हवा असेल, मग ते महाविद्यालय असो, नोकरी असो की नुसता पोहण्याचा क्लब, तर दूरदेशी जाऊन निःस्वार्थ सेवा केल्याचं प्रमाणपत्र लागतं. निःस्वार्थीपणाचा कागद हातात नसेल तर कुठलाच स्वार्थ साधत नाही. ही सोय करून देण्यासाठी युवा सेवा विनिमय मंडळ आहे, आणि मंडळाची 'श्रमसुट्टी' नावाची योजना आहे. चोवीस आठवडे परमुलखात राहायचं, आठवड्याला पंचवीस तास सेवा करायची, उरलेल्या वेळात सुट्टी घालवायची, आणि दोन्हींचे फोटो काढायचे. नातीची, म्हणजे घरात जिला चिमी म्हणत तिची, या योजनेत निवड झाली. घरात आनंदीआनंद झाला. मग चिमीच्या बापाने नियमावली वाचायला घेतली आणि नियम चारपाशी तो थबकला.

नियम चार असा होता: ज्या घरातून एक स्वयंसेवक जाईल त्या घराने समोरून येणारा एक स्वयंसेवक ठेवून घ्यावा, व त्यास सेवा करण्यासाठी घरातच एक पात्र लाभार्थी उपलब्ध करून द्यावा. पात्र लाभार्थ्याचे चार प्रकार दिले होते. अनाथ बालक, जखमी पशू, उजाड टेकडी किंवा परावलंबी वृद्ध. घर तिसऱ्या मजल्यावरचं, तीन खोल्यांचं. टेकडीला जागा नव्हती. सूनबाईंनी शेजारणीचं मांजर मागून पाहिलं, पण ते जखमी नव्हतं आणि व्हायलाही तयार नव्हतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा खिडकीजवळच्या आजोबांच्या खुर्चीकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती. आजोबा भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते.

आजोबा शहात्तर वर्षांचे होते. वजनमापे खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत, आणि ते पेठेच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाची वजनं आपोआप पुरी भरत. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक किलोचं पितळी वजन ठेवलेलं असे, आणि तेही ते अधूनमधून तपासून घेत. इमारतीच्या जिन्याला सत्तावन्न पायऱ्या आहेत आणि त्यांतली एक बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच बुटकी आहे, ही गोष्ट तिथे राहणाऱ्या बावीस कुटुंबांपैकी फक्त त्यांना माहीत होती. स्वतःचा सदरा ते स्वतः धूत, दाढी स्वतः करत, आणि भाजी चिरत तेव्हा तिचे तुकडे इतके सारखे होत की सूनबाईंना ती शिजवताना दडपण येई. आयुष्यात बढाई मारण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती. खोट्या मापावर त्यांनी कधी सही केली नव्हती.

मुलाने विषय काढला तेव्हा आजोबांनी तो तिथल्या तिथे बंद केला. "मी वृद्ध आहे, हे मान्य," ते म्हणाले. "परावलंबी नाही. दोन शब्द शेजारी लिहिले आणि त्यातला एक खरा असला, म्हणून दुसरा खरा होत नाही."

मुलाने समजूत घातली, सूनबाईंनी चहात जास्त दूध घालून पाहिलं, पण म्हातारा बधेना. मग चिमी आली. लहानपणी ही पोर आजोबांच्या मोठ्या तराजूत एका पारड्यात मांडी घालून बसायची, आणि दुसऱ्या पारड्यात वजनं चढवत आजोबा तिला ती किती भरली ते सांगायचे. शाळेत असताना रोज सकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवी. आधी अक्षरं लावण्यासाठी, मग सवयीने. कॉलेजात गेल्यावर तिला वेळ मिळेना, पण आजोबा अजूनही तिच्या खुर्चीवर पिशवी किंवा सदरा ठेवत नसत.

"सहाच महिने, आजोबा," ती म्हणाली. "तुम्हाला काहीसुद्धा करायचं नाही."

"तेच तर अवघड आहे, चिमे," आजोबा म्हणाले. पण आवाज खाली आला होता, आणि घरातल्यांनी लगेच मंडळाला फोन लावला.

मंडळाकडून समन्वयक बाई आल्या. मृदू बोलणाऱ्या, हातात फळी आणि फळीला चिमट्याने लावलेलं पात्रता-मापन पत्रक. शंभर गुणांची परीक्षा होती, उत्तीर्ण व्हायला साठ हवे होते. जन्मभर दुसऱ्यांची मापं काढली, आता आपलं माप निघतंय म्हणून आजोबा ताठ बसले, आणि तिथेच दोन गुण गेले. स्वतः उठता का, स्वतः जेवता का, जिना कोणाच्या आधाराने चढता, बुटाच्या नाड्या कोण बांधतं, असं विचारणं झालं. आजोबांनी खरी उत्तरं दिली. बाईंनी बेरीज केली. वयाचे सहा, चष्म्याचे तीन, विधुर असल्याचे दोन. शंभरपैकी अकरा.

चिमीचा चेहरा पडला. मुलगा म्हणाला की फेरतपासणीची काही सोय असेलच. बाई म्हणाल्या, आहे, सहा आठवड्यांनी. आणि आजोबांकडे वळून त्यांनी प्रेमाने सल्ला दिला की थोडा प्रयत्न करावा.

"मी खोटं सांगणार नाही," आजोबा म्हणाले.

"खोटं कशाला सांगायचं?" बाईंना खरोखरच वाईट वाटलं. "मंडळाला खोटं चालतच नाही. तुम्ही फक्त जे करता ते करणं थांबवा. मग आम्ही जे लिहू ते खरंच असेल."

आजोबांनी त्यावर बराच वेळ विचार केला. या म्हणण्यात कुठेतरी लोहचुंबक लपवलेला आहे हे त्यांच्या अनुभवी नाकाला कळत होतं. पण पारडं उलटून पाहिलं तर खाली काही दिसेना. खोट्याच्या विरुद्ध त्यांच्याजवळ छत्तीस वर्षांची तालीम होती. अशा खऱ्याच्या विरुद्ध काहीच नव्हती. समोर चिमी डोळ्यांत पाणी आणून उभी होती. त्यांनी थांबवायचं कबूल केलं.

आणि एकदा कबूल केलं म्हटल्यावर काटेसाहेबांनी काटेकोरपणे थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून ते जिना उतरले नाहीत. सदरा धुतला नाही. भाजी चिरायला बसले की सूनबाई हळूच सुरी काढून घेत आणि म्हणत, "बाबा, तुमचा अभ्यास." दाढी करायला गल्लीतला न्हावी वर येऊ लागला. चपला जाऊन नाड्यांचे बूट आले, आणि त्या नाड्या मुलगा कामावर जाण्यापूर्वी बांधून जाई. घरात सगळ्यांचं त्यांच्या प्रगतीकडे बारीक लक्ष होतं. एकदा ते चुकून पाणी घ्यायला स्वतः उठले तेव्हा मुलाने त्यांना जवळ बसवून विचारलं की तुम्हाला चिमीचं कल्याण हवं आहे की नाही.

ही गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकांनाही मुलगा परदेशी पाठवायचा होता आणि त्यांचे वडील शंभरपैकी बेचाळीसवर अडकले होते. काकूंनी जिन्यात सूनबाईंना गाठून तुमचे किती झाले म्हणून विचारलं. पलीकडच्या गल्लीत एका निवृत्त कवायत शिक्षकाने ज्येष्ठांसाठी परावलंबनाचे वर्ग काढले. कंबर कशी धरावी, प्याला कसा सोडावा, एकच प्रश्न तीनदा कसा विचारावा, असं सगळं तिथे शिकवत, आणि तिथे पोचायला म्हातारी माणसं झपाझप चालत जात. आजोबांनी मात्र शिकवणी लावायला ठाम नकार दिला. जे होईल ते स्वतःच्या बळावर, असं त्यांचं म्हणणं होतं.

सहा आठवड्यांनी बाई आल्या, त्यांनी काय काय करत नाही ते विचारलं, आणि बेरीज एकसष्ट लावली. आजोबांनी पत्रक मागून घेतलं, बेरीज तपासली आणि ती साठ करून परत दिली. घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली. सूनबाईंनी पहिल्या मजल्यावर जाऊन मुद्दाम सांगितलं की आमचे बाबा पास झाले, तेही क्लासशिवाय.

चिमी सकाळच्या विमानाने गेली आणि संध्याकाळी तिच्या खोलीत स्वयंसेवक आला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तसं हे घोडं सव्वासहा फूट उंच होतं आणि पाठीवर जवळपास तेवढीच पिशवी होती. सूनबाईंनी त्याचं नाव लंबू ठेवलं. पोरगा गुणी होता. मंडळाच्या पुस्तिकेवरून सात आठवड्यांत त्याने इथली भाषा शिकून घेतली होती. पण ती पुस्तिका मंडळाच्याच कचेरीत लिहिलेली असल्यामुळे तो भिंतीवरच्या सूचनेसारखं बोलत असे. पहिल्याच सकाळी सहा वाजता तो आजोबांच्या उशाशी उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, "आपणांस उठविण्यात यावे काय?"

आजोबा साडेपाचलाच उठून बसले होते. पण पोराचा हिरमोड नको म्हणून ते पुन्हा आडवे झाले आणि त्यांना उठविण्यात आलं.

खरी पंचाईत तासांची होती. उठवणं, नाड्या बांधणं, औषध देणं (औषध कसलंच नव्हतं, म्हणून एक चमचा मध) हे सगळं धरून दिवसाला चाळीस मिनिटांच्या वर सेवा भरेना, आणि आठवड्याला पंचवीस तास भरायचे होते. मग जिना उपयोगी पडला. हात धरून खाली नेण्यास वीस मिनिटं, वर आणण्यास तीस. त्यातही वर येताना पोरगा आजोबांना जवळजवळ उचलूनच आणी, कारण पुस्तिकेत तसं चित्र होतं. उरलेली भर पेपरवाचनाने काढली. लंबूला अक्षर लागायला वेळ लागे. पहिल्या पानावरचा मथळा तो मंगळवारी सुरू करी, बुधवारी संपवी, आणि तोवर मथळ्यातला मंत्री बदललेला असे. आजोबा त्याचे उच्चार सुधारत, जोडाक्षरं फोडून दाखवत, आणि त्याला एक ओळ सलग वाचता आली की मांडीवर थाप मारत. यात कोण कोणाची सेवा करत होतं असा प्रश्न कोणालाही पडला असता. पण पत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.

सही मात्र आजोबा मोजून करत. पहिल्या रविवारी त्यांनी घड्याळ पाहून जाहीर केलं की चोवीस तास चाळीस मिनिटं झाली आहेत, पंचवीस नव्हेत. लंबू घाबरला, मुलगा वैतागला, सूनबाईंनी वीस मिनिटांचं काय एवढं म्हणून विचारलं. आजोबांनी हात पुढे केला. मग सगळं घर दारात उभं राहून पाहत असताना लंबूने त्यांना वीस मिनिटांत खाली नेलं, आणि आजोबांनी तळाच्या पायरीवर बसून सही केली.

तिसऱ्या महिन्यात आढावा आला. त्यात पेच असा होता की लाभार्थी सुधारला तर उद्दिष्ट साध्य झालं असं समजून देवाणघेवाण तिथेच संपणार आणि चिमीला परत यावं लागणार. तो बिघडला तर सेवा निष्फळ ठरून लंबूचं प्रमाणपत्र जाणार. आणि जसाच्या तसा राहिला तर मग मंडळ हवं कशाला, असा प्रश्न वरचे लोक विचारणार. समन्वयक बाईंना याची सवय होती. त्यांनी आजोबांना खुर्चीवरून दोनदा उठायला लावलं, दुसऱ्यांदा उठायला त्यांना थोडा वेळ लागला याची नोंद केली, आणि शेरा मारला: 'अपेक्षेपेक्षा मंद गतीने खालावत आहेत.' या शेऱ्याला मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच तारांकन मिळालं. उठायला वेळ का लागला, हे आजोबांनाही कळलं नाही. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं.

चिमीचा दर रविवारी दहा मिनिटं फोन येई, चेहऱ्यासकट. ती खुशीत होती. तिच्याकडे एक आजी सेवेला दिल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना बुटाच्या नाड्यासुद्धा बांधता येत नाहीत, ती सांगे. "मी बांधते. मग रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवते. मला अजून त्यांची अक्षरं नीट लागत नाहीत, आजोबा, एकेक ओळ तास तास चालते. पण किती शांतपणे ऐकतात माहितीये?"

आजोबा म्हणाले, छान. फोन ठेवल्यावर त्यांना त्या म्हातारीचा हेवा वाटला. या वयात, समुद्रापलीकडच्या कोणा बाईचा, आणि तोही पेपरवरून. त्यांना स्वतःची लाज वाटली, पण हेवा गेला नाही.

विसाव्या आठवड्यातल्या रविवारी असाच फोन चालू होता. लंबू आजोबांचे बूट घेऊन आला, नाड्या बांधायला खाली वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याची नजर पडद्यावर गेली. चिमीच्या मागे एक भिंत होती आणि भिंतीवर पदकांची रांग. बूट त्याच्या हातातून गळला.

"सदर भिंत माझी आहे," लंबू म्हणाला. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "सदर भिंतीवरील पदके माझ्या आजीची आहेत."

पडद्यावर चिमीच्या खांद्यामागून एक म्हातारी पुढे वाकली. छोटे केस, रुंद खांदे, नजर थेट. नातवाला पाहून ती काहीतरी बोलली आणि हसली आणि मग हसू पुसून टाकून रडली. चिमी एकदा इकडे पाही, एकदा तिकडे. मंडळ कागद वाचवण्यासाठी घराला घर जोडतं आणि कोणतं घर कोणाला जोडलं ते गोपनीय ठेवतं, त्यामुळे चार महिने चिमी लंबूच्या पलंगावर झोपत होती आणि लंबू चिमीच्या, आणि हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

फोन संपल्यावर लंबूने जमेल तसं सांगितलं. त्याची आजी पोहणं शिकवत असे. चाळीस वर्षं शिकवलं. स्वतः रोज पहाटे थंड पाण्यात उतरे, हिवाळ्यातसुद्धा. "पहिल्या मापनात तिला शंभरपैकी नऊ गुण होते," तो म्हणाला. "त्यानंतर तिचे पोहणे बंद करण्यात आले."

आजोबांना चार महिन्यांत पहिल्यांदा एक ओळखीचा वास आला. खोट्या काट्याचा.

"अरे, मग तू तिथे राहूनच आजीला पेपर का नाही वाचून दाखवलास?" त्यांनी विचारलं. "आणि माझी चिमी इथे होती की. काखेत कळसा आणि समुद्राला वळसा घातलात ना रे दोघांनी."

लंबूने पुस्तिका उघडली, बोट ठेवलं आणि एकदाही न अडखळता वाचलं. त्याचं वाचन आता फार सुधारलं होतं. "नियम नऊ. रक्ताच्या नात्यातील व्यक्तीची केलेली सेवा तासांत धरली जाणार नाही."

आजोबांनी ती ओळ स्वतः वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग ते उठले. मंडळाच्या कचेरीत जाऊन हा काटा जप्त करायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. लंबू आधाराला धावला तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. कोणाचा आधार न घेता जायचं, नाहीतर त्याचेही तास लागतील. दार उघडून ते जिना उतरू लागले. पहिल्या दहा पायऱ्या रागाने उतरवल्या. मग राग ओसरला आणि उतरण्याचं काम पायांवर आलं. पाय सहा महिन्यांत आपलं काम विसरून गेले होते. बुटकी पायरी आली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि अठरा वर्षांच्या निवृत्तीत त्या अर्ध्या इंचाने त्यांना कधी फसवलं नव्हतं, कारण ती पायरी त्यांच्या पायाला पाठ होती. आज मात्र पाऊल टेकण्याआधीच जमीन अर्धा इंच वर आली. आजोबा कठडा धरून खाली बसले. लागलं नाही. पण उठता येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, आणि मग जिन्यात एकटे बसून राहिले. आपण कोणाला फसवलं नाही आणि तरी फसलो, हे त्यांना तिथे कळलं, आणि त्यांचं मन फार उदास झालं.

लंबू वरून आला. तो शेजारच्या पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "आपणांस उचलण्यात यावे काय?"

"हो," आजोबा म्हणाले.

शेवटी समन्वयक बाईच घरी आल्या. आजोबांनी खुर्चीत बसून आपलं म्हणणं मांडलं. उरलेले चार आठवडे चिमीला इथे येऊ द्या, लंबूला तिकडे जाऊ द्या. तेवढेच तास, तेवढाच पेपर, तेवढ्याच नाड्या. माप कुठेही कमी भरणार नाही, हवं तर मी मोजून देतो.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "पण मग त्याला सेवा कोण म्हणेल, आजोबा?" त्या म्हणाल्या. "त्याला नुसतं घर म्हणतात. घराचं प्रमाणपत्र आम्ही कसं देणार?"

आणि मी सही केली नाही तर, आजोबांनी विचारलं. बाई म्हणाल्या की तर दोन्ही मुलांचे सहा महिने फुकट जातील. पण त्या आग्रह करणार नाहीत, सेवा ही ऐच्छिक असते. मग आल्याच आहेत तर म्हणून त्यांनी अंतिम मापन उरकून घेतलं. या वेळी त्यांनी काय करत नाही ते विचारलं नाही, काय करता येत नाही ते पाहिलं. उठता येत नाही, जिना उतरता येत नाही, वाकून नाड्या बांधता येत नाहीत. आजोबांना एकाहत्तर गुण मिळाले. बेरीज त्यांनी तपासली. ती बरोबर होती.

चोविसावा आठवडा संपला तेव्हा त्यांच्यापुढे शेवटचा कागद आला. सदर स्वयंसेवकाने एका परावलंबी वृद्धाची सहाशे तास सेवा केली, असं त्यावर लिहिलं होतं. आजोबांनी शब्द न् शब्द तोलून पाहिला. वृद्ध, खरं. परावलंबी, खरं. सहाशे तास, मिनिटासकट खरं. छत्तीस वर्षांत इतकं निर्दोष माप त्यांच्या हातून गेलं नव्हतं. त्यांनी सही केली. सही करताना हात थरथरला, त्याचे बाईंनी आणखी दोन गुण दिले.

लंबू जाताना आजोबांच्या गळ्यात पडून रडला, आणि पुस्तिकेत नसलेलं एक वाक्य बोलला. "आजोबा, येतो मी," तो म्हणाला. ते त्याला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

चिमी परत आली ती प्रमाणपत्र घेऊन, आणि मुलगी नावारूपाला आली. पिकतं तिथे विकत नाही हे खरं, पण बाहेरून आणलेलं हातोहात जातं. 'एकाकी वृद्धत्व आणि आपली जबाबदारी' या विषयावर ती इतकं कळवळून बोलते की सभागृहात रुमाल निघतात. परदेशातल्या आजींना पेपर वाचून दाखवण्याचा प्रसंग आला की तिचाही गळा दाटतो, आणि तो खराच दाटतो. घरी तिचं वागणं प्रेमाचं आहे. वेळ तेवढा नसतो. मंडळाचंही पत्र आलं होतं. आपल्या घरी आता उच्च गुणांचा लाभार्थी तयार असल्याने दुसरा युवक पाठवल्यास प्राधान्य मिळेल. घरात दुसरा युवक नव्हता. आजोबांच्या मुलाने आपण एकोणपन्नासाव्या वर्षी चालू का, म्हणून विचारून पाहिलं.

रोज सकाळी सूनबाई आजोबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवतात आणि समोर मोबाईल टेकवून ठेवतात. दहाच्या ठोक्याला पलीकडून लंबूच्या आजी, पोहण्याच्या बाई, दिसतात. गळ्यात शिट्टी. दोघांना एकमेकांचा एकही शब्द कळत नाही. बाई शिट्टी फुंकून पाय वर करतात, आजोबा पाय वर करतात, आणि बाई पंधरावर थांबल्या तर आजोबा बोटांनी वीस दाखवतात, कारण ठरले आहेत वीस. बाई परवा पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरल्या. आजोबांच्या अकरा पायऱ्या होतात. शंभरपैकी नव्हे, सत्तावन्नपैकी.

एके दिवशी व्यायाम आटोपला आणि आजोबांनी पेपर मांडीवर घेतला. पलीकडच्या खोलीत चिमी संध्याकाळच्या भाषणाची तालीम करत होती.

"चिमे, मथळा तेवढा वाचतेस का गं?" त्यांनी हाक मारली.

"आलेच हं, आजोबा," आतून आवाज आला, आणि भाषण पुढे सुरू झालं.

त्याच वेळी पडद्यावर बाईंनी मान वळवून कोणाला तरी हाक मारली. आतून लंबूचा आवाज आला, एकच आखूड शब्द. आजोबांना ती भाषा येत नव्हती, पण तो शब्द त्यांना बरोबर कळला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी खांदे उडवले आणि शिट्टी तोंडात धरली, आणि आजोबांनी पेपर बाजूला ठेवून पाय पुन्हा वर केला.

ही गोष्ट वाचायला पंधरा मिनिटं लागतात. एवढ्या वेळात आतल्या खोलीतून तुम्हालाही एखादी हाक आली असेल, तुम्ही मान वर न करता 'आलो' म्हणाला असाल, आणि मग आजोबांचं वाईट वाटून घेत इथपर्यंत आला असाल. संकोच करू नका. सावकाश जा, किंवा जाऊही नका. नियम नऊ तुमच्या बाजूने आहे.